नागपूरला गाडी बदलावी लागते

ऋचाची आई, तुझ्या तेराव्याला मी पिशोरहून थेट गाडीनं आले. खिडकीची जागा मिळाली, गाडी कुठं बंद पडली नाय, कुठं बदलावी लागली नाय. रस्ताभर मी तुझ्याशी बोलत होते. शेजारची बाई दोनदा वळून बघायला लागली तेव्हा कळलं, माझे ओठ हलतायत. म्हणलं हलू दे. तुझ्याशी भांडताना मला ओठच हलवायची सवय आहे, आवाज काढायची नाय.

तू गेलीस त्या दिवशी माझी शीतल मातीला आली होती, दवाखाना बंद करून. मी आले नाय. सगळ्यांना सांगितलं गुडघे दुखतायत. खरं सांगू? तुला तसं गप पडलेलं बघून मी चिडले असते. तिथंच चारचौघांत म्हणले असते, ऊठ, आपलं भांडण अर्धं राहिलंय, असं मधेच टाकून जातात व्हय? लोकांनी काय म्हणलं असतं. म्हणून आले नाय, आणि आता ते पण टोचतंय.

ती गाडीतली बाई शेवटी बोललीच. कुठं चाललात? म्हणलं तेराव्याला. कोण होत्या तुमच्या? म्हणलं कोणी नाय. मग वाटलं हे लई वाईट बोलले, म्हणून सांगितलं, आम्ही दोघी दोन वर्षं एका स्वयंपाकघरात होतो. ती म्हणाली, जावा का? म्हणलं जावा कसल्या, जावा एवढं एकमेकींचं ऐकतात का.

मग तिला सगळंच सांगत बसले. पोरींना डॉक्टर करायचं होतं. गावात त्या परीक्षेचे क्लास नाय, पोरगी होस्टेलला टाकायची हिंमत नाय. मग आया शेगडी-सिलिंडर घेऊन शहरात येतात आणि बाप मागं राहतात भाकरी थापायला शिकत. मी पिशोरहून आले, तू वैजापूरहून. औरंगाबादला गारखेड्यातल्या त्या मालकानं वरचा मजला दोघींना दिला. खोल्या दोन, स्वयंपाकघर एक, आणि हे त्यानं सामान वर चढवून झाल्यावर सांगितलं. तू तुझं सिलिंडर धरून दारात, मी माझं धरून जिन्यात. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू म्हणालीस, "एक लावू, एक ठेवू. पहिलं संपलं की दुसरं." झाला आपला संसार सुरू. एका खोलीत पोरी, एका खोलीत आपण.

पहिल्या आठवड्यातच मी तुला अगं-तुगं करायला लागले. तू मात्र शेवटपर्यंत मला "तुम्ही" म्हणालीस. नावानं हाक दोघींनीही कधी मारली नाय. मी ऋचाची आई म्हणायचे, तू शीतलची आई. तेव्हा दोघींना तेवढंच काम होतं.

घरात मोठ्यानं बोलायचं नाय, हा नियम तुझा. पोरी अभ्यासाला बसल्या की कुकरची शिट्टीसुद्धा तुला खपायची नाय. डाळ पातेल्यात शिजवायचीस, तास तास. मी म्हणायचे, अगं गॅस जातोय. तू तोंडावर बोट ठेवायचीस. मी कोण, शेतातून हाळी मारणारी बाई. आमच्याकडं या बांधावरून त्या बांधाला बोलतात. मला कुजबुजायला तू शिकवलंस. मग आपण भांडायला पण कुजबुजतच लागलो. मिठावरून, बादलीवरून, आंघोळीच्या नंबरावरून, क्लासचे सर चांगले का वाईट यावरून. हातवारे करून भांडताना तुझा चष्मा घसरायचा आणि मला हसू फुटायचं, ते पण पदरात दाबून. एकदा पोरी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, तुमच्या खुसुरफुसुरीपेक्षा शिट्टी परवडली.

रविवारी मी मटण करायचे. तू नाक मुरडलं नाहीस कधी. तांदळाचं ताट घ्यायचीस आणि गच्चीवर जायचीस, आणि वाटीभर तांदूळ दोन तास निवडायचीस. पुढं ऋचा माझ्या वाटीतला रस्सा चाखायला लागली. तुला कळलं होतं, मला माहीत आहे कळलं होतं, पण तू विषय काढला नाहीस. आणि शीतलला आजही ताप आला की तुझा मऊ भात आणि मेतकूट लागतं. मी करते. ती खाते आणि म्हणते, काकूंच्या हातचं नाय लागत.

कागदाची तकलीफ माझी. कचेरीत गेलं की माझी एवढी मोठी जीभ टाळूला चिकटते. डोमिसाइलच्या दाखल्यासाठी तू माझ्याबरोबर कन्नडच्या तहसीलीत आलीस, स्वतःचं काही काम नसताना. खिडकीतला माणूस म्हणाला, उद्या या. तू चष्मा पुसत म्हणालीस, "साहेब, उद्या यायला आमची हरकत नाही. फक्त आज काय कमी आहे तेवढं कागदावर लिहून द्या." दाखला त्याच दिवशी मिळाला. परतताना मी म्हणलं, तू वकील व्हायला पाहिजे होतीस. तू म्हणालीस, "मला डॉक्टर व्हायचं होतं. घरात कोणी विचारलं नाही." आणि बाहेर बघत राहिलीस. मला तेव्हा काहीतरी बोलायला पाहिजे होतं. पिशवीतल्या शेंगा सोलून तुझ्या हातावर ठेवत राहिले, आणि तू खात राहिलीस.

मग निकाल लागला. ऋचाचे मार्क बरे, शीतलचे त्याहून थोडे कमी. सर म्हणाले, दोघी काठावर आहेत पण आतल्या बाजूला. आता फक्त कॉलेजांची पसंती भरायची, पहिलं कुठलं, दुसरं कुठलं. जेवढी भराल त्यातलंच मिळंल, न भरलेलं कोणी आणून देणार नाय. हे ते बजावून सांगत होते आणि आपण दोघी शहाण्यासारख्या मान हलवत होतो.

बाकीचे लोक कॉलेज कसं निवडतात मला माहीत नाय. कोणी म्हणे दवाखाना किती मोठा ते बघतं, कोणी शिकवणारे कोण ते बघतं. आपण काय केलं? मेन स्टँडला गेलो आणि चौकशीच्या खिडकीपुढं रांगेत उभ्या राहिलो. आपल्याला एकच फिकीर होती. पोरगी आजारी पडली, रडली, कोणी तिला काही बोललं, तर गाडीत बसायचं आणि तिच्या गावात उतरायचं. मधेच कुठंतरी परक्या स्टँडवर पिशव्या सांभाळत दुसरी गाडी शोधायची, हे दोघींच्याही आवाक्यातलं नव्हतं. औरंगाबादच्या पुढं एकटी मी कधी गेले नव्हते. तू पण नाय.

तू एकेक गाव विचारत होतीस आणि तो माणूस वर न बघता सांगत होता. अंबाजोगाई? आहे. लातूर? आहे. नांदेड? आहे की. अकोला, धुळं? लई गाड्या आहेत. चंद्रपूर? "नागपूरला बदला." गोंदिया? "ते पण नागपूर. गाडी बदलावी लागंल." मागची माणसं कुरकुर करायला लागली. तो म्हणाला, "मावशी, तुम्हाला नक्की जायचंय तरी कुठं?" तू अगदी गंभीरपणानं म्हणालीस, "ते अजून ठरायचंय." बाहेर येऊन आपण हसून हसून वाकलो. मग रसवंतीत बसून रस घेतला. तिथं आपल्यातली एक म्हणाली, बदलायच्या गाड्यांची कॉलेजं काढूनच टाकू. दुसरीनं लगेच मान डोलावली.

पहिली कोण म्हणाली, एवढंच आपलं भांडण.

क्रांती चौकातल्या नेट कॅफेत पोरी पसंत्या भरायला बसल्या, आपण मागं उभ्या. शीतल म्हणाली, "आई, गोंदिया भरून तर ठेवू. मिळालं तर तेव्हाचं तेव्हा बघू." आपण दोघी एकदमच म्हणालो, नको. दोन वर्षांत पहिल्यांदा आपला आवाज पोरींपुढं एवढा मोठा निघाला. शीतलनं मान खाली घातली आणि पुढचं बटण दाबलं.

ऋचाला नांदेड मिळालं. शीतलला काहीच नाय. दुसऱ्या फेरीला त्याच पसंत्या चालल्या, त्या वर्षी नव्यानं भरायची सोय नव्हती. मग कोणीतरी मोबाइलवर गोंदियाची यादी दाखवली. मार्कांत शीतलच्या मागं असलेली पोरं त्या यादीत होती. एक-दोन नाय, पुष्कळ. मी ती यादी खालपर्यंत वाचली, परत वरून वाचली. आपलं नाव नाय हे माहीत असून वाचली.

शीतल भिंतीकडं तोंड करून पडली होती. आपण स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मी म्हणलं, काढून टाकू असं तू म्हणालीस. तू म्हणालीस, "नाही, शीतलची आई. तुम्ही म्हणालात. रसाचा ग्लास होता तुमच्या हातात." मी म्हणलं, तुझ्या पोरीचं झालं, आता तुझं काय जातंय. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तू म्हणालीस, "हळू. ती ऐकेल." हळूच बोलत होते की. मोठ्यानं भांडलो असतो तर तिथंच मिटलं असतं बघ. दोन शब्द तू बोलली असतीस, चार मी, रडलो असतो, एकीनं चहा टाकला असता. कुजबुजत भांडलं की निम्मा राग पोटात राहतो आणि तिथंच मुरतो. आठवडा व्हायच्या आत मी माझं सिलिंडर उचलून पिशोरला गेले. तू जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होतीस. दुसरं, तुझं सिलिंडर भरलेलं होतं, ते पण घेऊन जा म्हणालीस. मी नाय नेलं.

शीतलनं परत परीक्षा द्यायला साफ नकार दिला. आयुर्वेदाला गेली. आज पिशोरात बाजाराच्या रस्त्याला तिचा दवाखाना आहे आणि खोटं कशाला बोलू, चांगला चालतो. बायाबापड्या तिच्याशी मोकळ्या बोलतात. ती सुखात आहे. मलाच सुख नव्हतं. कोणी विचारलं, पोरगी एमबीबीएस का, की माझ्या घशात गोंदिया अडकायचं, आणि गोंदियाच्या मागं तू. शीतल आणि तू फोनवर बोलायच्या, मला ठाऊक होतं. ती म्हणायची, आईला देऊ का? इकडून मी हातानं नको करायचे. तिकडून तू पण नको म्हणत असशील. संक्रांतीला तुझा तिळगूळ यायचा, मी उन्हाळ्यात तिखट पाठवायचे. डब्यांची ये-जा चालू होती, माणसांची नव्हती. तुम्ही वैजापूर सोडून गारखेड्यातच फ्लॅट घेतला हे पण मला शीतलकडून कळलं. पिशोरहून मेन स्टँडला थेट गाडी, पुढं रिक्षा. सात-आठ वर्षांत मला एकदा येणं झालं नाय.

तूच आलीस. गेल्या थंडीत. मी वरच्या मजल्यावरून खाली आले तर तू दवाखान्याच्या बाकावर, पेशंटांच्या रांगेत. वाळली होतीस. मी म्हणलं, अगं आत ये की. तू म्हणालीस, "नंबर येऊ द्या." तुझी स्वतःची पोरगी एवढी डॉक्टर, नागपूरला पुढचं शिकत होती, आणि तू पोट दुखतंय म्हणून पिशोरला. शीतलनं तुझी पापणी ओढून डोळा बघितला आणि तिचा चेहराच उतरला. पिवळा होता डोळा. तिनं तिथून ऋचाला फोन लावला, उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. तू ऐकत होतीस, जसं काय दुसऱ्या कोणाचं बोलणं चाललंय.

मग वर घरात नेलं, तर तुझा दोन घासांचा भात खाऊन होईपर्यंत आपण काय बोललो? मिरच्यांचं बोललो. गुडघ्यांचं बोललो. तुमच्या सोसायटीत पाणी किती दिवसांनी येतं ते बोललो. आवाज चांगले मोठे होते, आता घरात कोणी अभ्यासाला बसलेलं नव्हतं. बोलायचं ते मात्र दोघींनीही तोंडात येऊ दिलं नाय. माझ्या मनात होतं, आजारी बाईपुढं कुठं जुनं काढा. तुझ्या मनात काय होतं ते मला आज कळलं.

स्टँडवर सोडायला आले. मी विचारलं, नागपूरला जातीस का ऋचाकडं? तू म्हणालीस, "जाते की. थेट गाडी आहे." ते थेट म्हणल्यावर मी तुझी पिशवी माझ्या हातात घेतली. तुझा हात माझ्या मनगटावर होता, हलका, ताप आल्यासारखा गरम. तू म्हणालीस, "शीतलची आई, तुम्हाला एक सांगायचं होतं." तेवढ्यात गाडी लागली, माणसं चढायला लागली, तुला जागा धरायला मी पिशवी खिडकीतून आत टाकली. मग तू म्हणालीस, "परत येईन तेव्हा सांगते." मी म्हणलं, ये. एवढंच म्हणलं. जागा मिळाली याचाच मला आनंद. एक गाडी सोडली असती तर पुढची होती की.

आज तुझ्या घरी सगळे हळू बोलत होते. तुझे यजमान कोपऱ्यात बसून येणाऱ्याला नुसते हात जोडत होते. जेवणं झाल्यावर ऋचा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "काकू, आई तुम्हाला गोंदियाचं बोलली का?"

मला वाटलं आता पोरगी पण भांडते का काय. म्हणलं, कसलं गोंदियाचं?

"दसऱ्याच्या सुमाराला आई माझ्याकडं आली होती. मी ड्यूटीवरून आले तर खोलीला कुलूप. फोन लागेना. मी घाबरून गेले. दिवेलागणीला आली. म्हणाली, गोंदियाला जाऊन आले."

"एकटी?"

"एकटी. कॉलेजच्या गेटपर्यंत गेली, म्हणे. पोरी ॲप्रन घालून गाड्यावर पोहे खात होत्या, हसत होत्या. रस्त्यानं सगळं धान उभं होतं. मी रागावले, म्हणलं तुला तब्येतीचं काही आहे का नाही. तर म्हणाली, 'अगं, आपली गाडी जिथं लागते ना, त्याच्या पलीकडच्याच फलाटावर गोंदियाची लागते. मधे एक चहाची टपरी आहे, बस. एवढंच असतं गाडी बदलणं म्हणजे. हे शीतलच्या आईला सांगायला पाहिजे.'"

माझ्या हातातली वाटी मी खाली ठेवली.

ऋचा म्हणाली, "अजून एक म्हणाली. 'काढून टाकू असं मीच म्हणाले होते. मला आता नक्की आठवलं.'"

मी म्हणलं, खोटं बोलती ती. मोठ्यानं म्हणलं. बांधावरून म्हणतात तसं. सगळी खोली माझ्याकडं बघायला लागली, तुझ्या यजमानांचे जोडलेले हात तसेच राहिले. मग मला रडू आलं आणि ते पण हळू आलं नाय. ऋचानं मला धरलं. तिनं "हळू" म्हणलं नाय, एवढी ती तुझ्यावर गेलेली नाय.

नक्की आठवलं म्हणे. कसं आठवंल गं तुला? मी आज येताना सगळ्या रस्त्यानं आठवत आले. रसवंतीचा बाक आठवतो, ग्लासातला बर्फ आठवतो, पण ते वाक्य एकदा तुझ्या आवाजात ऐकू येतं आणि एकदा माझ्या. माझा घसा मोकळा व्हावा म्हणून तू ते आठवून घेतलंस, हे मला न कळण्याएवढी मी खुळी नाय. दुखरं पोट घेऊन पिशोरपर्यंत आलीस, एवढंच सांगायला, आणि मी तुला गाडीत जागा धरून दिली. तर आता तू पण ऐक. मीच म्हणाले होते. ग्लास माझ्याच हातात होता. मला पण आता नक्की आठवलं.

परत जाताना मेन स्टँडवर चौकशीच्या खिडकीपुढं जरा उभी राहिले. काही विचारायचं नव्हतं. मग पिशोरची गाडी लागली आणि बसले. घरी आल्यावर शीतलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, दसऱ्यालाच काकूंचा डोळा बघायला मिळाला असता तर. तिला कॉलेजचं काही नव्हतंच, तिच्या मनात फक्त तुझा डोळा. आपल्या दोघींपेक्षा पोरगी शहाणी निघाली.

दसऱ्याला मी ऋचाकडं जाणार आहे, आणि तिथून गोंदियाला. शीतल म्हणाली मी येते बरोबर, मी नको म्हणलं. कॉलेज बघायची मला फारशी हौस नाय. मला ती चहाची टपरी बघायची आहे, जिथं तुला पहिल्यांदा वाटलं की हे मला सांगायला पाहिजे.